हार्लनचा ट्रे

आयोवातल्या त्या जुन्या बर्गरच्या दुकानात गाडीतून कुणी उतरत नसे. गिऱ्हाइकानं गाडीचे दिवे लावले की व्हर्डेल यायची आणि अर्ध्या वर केलेल्या काचेला बर्गरचा ट्रे अडकवून जायची. केस पिकले तरी तिनं हे काम सोडलं नाही. तोंडाची फटकळ, पण तिच्या हातून बर्गर कधी गार गेला नाही.

काचेला ट्रे तसाच ठेवून गाडी हाकणारं गिऱ्हाईक अधूनमधून निघायचंच. म्हातारा हार्लन मात्र बायको गेल्यापासून दर शुक्रवारी ट्रे घेऊन जायचा. शनिवारी तो परत करायला यायचा आणि आलोच आहे तर म्हणून पुन्हा बर्गर खायचा.

"डोकं घरी ठेवून गाडी चालवतोस काय रे?" व्हर्डेल खेकसायची.

"वय झालं गं."

दुकानात कामाला असलेल्या बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. त्याला यायला निमित्त हवं असतं, हे व्हर्डेलनं केव्हाच ओळखलं होतं. म्हणून तर ती त्याच्या गाडीमागे कधी धावली नाही.

मग हार्लन घसरून पडला. पाय प्लास्टरमध्ये, गाडी बंद. दोन शुक्रवार त्याचे दिवे दिसले नाहीत, तशी व्हर्डेल सरळ त्याच्या घरी गेली. तो व्हरांड्यात बसला होता. तिनं कठड्याला ट्रे अडकवला. वर गरम बर्गर आणि तळलेल्या बटाट्याच्या काड्या.

हार्लन ट्रेकडे बघतच राहिला.

"बघतोस काय? खा, गार होईल," म्हणत ती पायऱ्या उतरू लागली.

"आणि ट्रे?"

"विसरले बघ," ती मागे न वळता म्हणाली. "वय झालं रे."