कातर न लावलेली बंडी

शिरूरला मिशनच्या शाळेत मी मास्तर होतो आणि माझी बायको मुलींना शिवण शिकवायची. आमच्या घरामागच्या गल्लीत सणगरांचा एकच माग उरला होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारे त्यावर घोंगड्या विणायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. बाजारात गिरणीची ब्लँकेटं आली आणि त्यांच्या घोंगड्या पडून राहू लागल्या. दौंडला रेल्वेत लागलेला त्यांचा मुलगा दर खेपेला म्हणायचा, "खड्डा बुजवू आन् चला माझ्याकडं."

बायकोला ते ऐकवेना. या कापडाची शहरातल्या माणसांनी अंगात घालावी अशी बंडी करायची, असं तिनं ठरवलं. कात्री घेऊन गेली, तर आप्पांनी घोंगडी मागे ओढली.

"कातर लावायची न्हाई, बाई. देव बसतो हिच्यावर."

"मग मागावरच गळा ठेवला तर?"

"म्हंजी घोंगडीला तोंड फोडायचं व्हय? उद्या बोलाय लागंल ती!"

हसले, पण विणायला बसले. मध्यावर आलं की दोन बाजूंना आडव्या सुताचे दोन वेगळे धोटे चालवायचे आणि मध्ये डोकं जाईल एवढी फट सोडायची. काळ्या लोकरीवरची पांढरी किनार तिनं कागदावर काढून दिली होती. पुण्याच्या एका दुकानदारानं सगळ्या बंड्या ठेवून घेतल्या. त्या हिवाळ्यात माग दिवसभर वाजायचा.

थंडी सरताना बंड्या परत आल्या. गिऱ्हाइकांनी त्या गरम पाण्यात धुतल्या होत्या. लोकर आटली, गळे आवळले. आमच्याकडे घोंगडी कुणी धूत नाही. झटकतात, ऊन दाखवतात. धुण्याचं आप्पांच्या मनात आलं नव्हतं, तिच्याही नाही. एकेका गळ्यात हात घालून ती तो ताणत बसली होती.

पुढे तिला क्षयानं धरलं. खाटेवरून तिनं आप्पांना निरोप धाडला : आधी सूत गरम पाण्यातून काढा, गळा चार बोटं वाढवा, एकच विणून बघा. न्यायला आलेल्या मुलाला आप्पांनी माघारी लावलं. "बाईंची एक राहिलीया."

"अहो, माग वाजतोय का?" ती विचारायची. मी खिडकी उघडी ठेवायचो.

बंडी मागावरून उतरायच्या आधीच ती गेली. माती दिल्यानंतर आप्पा बंडी माझ्या हातात ठेवून मुलाबरोबर दौंडला गेले. दुसऱ्या दिवशी मी पाणी तापवलं आणि बंडी धुतली. वाळल्यावर डोक्यातून घातली. गळा आवळला नव्हता.

तशीच घेऊन मी दौंड गाठलं. रेल्वेच्या चाळीतल्या खोलीत आप्पा फरशीवर बसले होते. त्यांनी गळ्यात बोटं फिरवली.

"बरोबर निघालं की बाईंचं."

"मग आप्पा, परत माग—"

"लाकडं बंबात गेली, मास्तर." बंडी त्यांनी मांडीवर ओढून घेतली. पाय पुढे पसरले, आखडले, पुन्हा पसरले.

"हितं बसाय लागलो की पाय कुठं सोडावं त्येच कळंना झालंय," ते म्हणाले.