नामदेवची भाषा मला येत होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. फोनवर कितीदा ओठापर्यंत आलं, आणि मग मी पोरांच्या शाळेचं विचारत बसलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखाल?

मी श्रीवर्धनकडचा. सातवीत शाळा सुटली. आखातात, अल रय्यानला एका घरी अकरा वर्षं ड्रायव्हर आहे. माझ्या आईचं ऑपरेशन मालकांनी करवलं. त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही.

घरात स्वयंपाकाला वार्ती आहे, इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. वरकामाला मारिया, तिकडच्याच दुसऱ्या बेटावरची. एकदा मारियाने इस्त्री करताना मॅडमचा अबाया, म्हणजे बाहेर जाताना घालायचा लांब काळा झगा, जाळला. वार्ती पिठाचे हात न धुताच तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. घालवायचं तर दोघींना घालवा, म्हणाली. नंतर मी विचारलं, ही तुझी कोण? मोडक्या अरबीत तिने समजावलं — नात्याची नाही, घरची बोली वेगळी, मी नमाज पढते, ती चर्चला जाते. पण आमचा बांग्सा एक. म्हणजे आम्ही एक लोक. मी हसलो. आमच्यात असं कोण करतं, म्हणालो.

मग बागेवर नामदेव आला, परभणीकडचा. मला दादा म्हणायचा. तिसऱ्याच आठवड्यात फाटक उघडं राहिलं, मालकांचा शिकारी कुत्रा रस्त्यावर गेला आणि गाडीखाली मेला. फाटकावर लक्ष माळ्यानेच ठेवायचं, म्हणून मालकांनी नामदेवला समोर उभं केलं. त्याला अरबी येत नव्हती. तो माझ्याकडे वळला.

"दादा, मी मागं झाडांना पाणी देत होतो. एवढं सांगा की त्यांला."

काय म्हणतो, मालकांनी मला विचारलं. आणि मी — मी म्हणालो, ही भाषा मला येत नाही. इंडियात भाषा पुष्कळ.

त्याची बोली मराठवाड्याची, माझी कोकणातली, हे खरं. पण मला शब्द न् शब्द कळला होता. कळला नव्हता असं कुणाला सांगू?

चार दिवसांत त्याला परत पाठवलं. वार्तीने एवढंच विचारलं, तो तुझा बांग्सा नव्हता? नाही म्हणालो. तिलाही.

अजून एक राहिलं. फाटक मी उघडं टाकलं होतं, गाडी काढताना. गाडी मीच काढली, हे नामदेवला माहीत होतं. माझ्याकडे बोट दाखवायला त्याला अरबी लागली नसती.

त्याने दाखवलं नाही.