चाळीस आजोबांची पाहणी

मी एकदा चाळीस जणांना विचारून दोनशे जणांची उत्तरं लिहिली. लबाडी केली नाही, एवढं माझ्या बाजूने सांगते. माझ्या समजुतीप्रमाणे सगळं अगदी चोख होतं.

तेव्हा मी तरुण होते. सत्तावन्न वर्षांची. पेडण्यातल्या एका कॉलेजात बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचं केंद्र सांभाळत होते. फॉर्म तपासायचे, पुस्तकांचे गठ्ठे वाटायचे, परीक्षेच्या सकाळी बाकांवर नंबर चिकटवायचे. त्या साली विद्यापीठाने घरबसल्या ऑनलाइन पदव्या सुरू करायचं ठरवलं. कुठले विषय ठेवायचे ते मात्र वरच्यांनी मनाने ठरवायचं नव्हतं. आधी बाजार पाहायचा, लोकांना काय शिकायचंय आणि कारखान्यांना कसली माणसं हवीत ते विचारायचं, मग तीन अभ्यासक्रम निवडायचे. पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके माझ्या वाट्याला आले.

या कामावर मुंबईहून एक मुलगी आली होती, माझ्या लेकीहून लहान. पणजीला बोलावून तिने आम्हाला दिवसभर शिकवलं. प्रत्येकाला एकट्याला गाठा. 'हे शिकायला आवडेल का' असं विचारू नका, माणसं हो म्हणतात आणि विसरून जातात. गेल्या वर्षात शिकण्यासाठी काय काय केलंत, ते विचारा. मी मागच्या बाकावरून शेजारणीला म्हटलं, "आमच्याकडे माणूस एकटा फक्त न्हाणीत असतो. तिथे जाऊन विचारू काय?" शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. मी स्वतःवर इतकी खूश झाले, की पुढचा अर्धा तास काही ऐकलंच नाही.

आणि मग मला ती नामी युक्ती सुचली. चवथ. गणपती बसले की मुंबई-पुण्याची माणसंही घरी येतात. एका घरी एक फेरी मारली की पाच-सहा जण सापडलेच.

ते दिवस आठवले की अजून स्कूटरचा हँडल हाताला जाणवतो. चोपडे गावाच्या बाजूने निघालं की नदीवरचा खारट वारा, पुढे दोन्हीकडे पोटरीला आलेलं भात. घरोघरी देवाच्या डोक्यावर माटोळी टांगलेली, तिच्यात नारळ, सुपाऱ्या, नावं विसरलेली रानातली फळं. फॉर्म ओले होऊ नयेत म्हणून मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरायची. प्रत्येक घरी करंजीसारख्या नेवऱ्या पुढे यायच्या. नको म्हटलं तर यजमानीण रागवायची, आणि मी नको म्हणत नव्हतेच. आता नात मोबाइलवर बोटं फिरवून पाच मिनिटांत अशी पाहणी भरते. तिला नेवरी कोण देतं?

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. घरातला वडीलधारा सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो आणि मागे उभी असलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मनातलं ज्याच्या त्याच्या मनात राहतं. माझी पाहणी नेमकी तशी चालली होती. आजोबा सोप्यावर बसून उत्तर द्यायचे, मागची मंडळी माना हलवायची, आणि मी माणशी एक फॉर्म भरायची.

डिचोलीकडच्या लाटंबार्शातलं एक घर मी विसरणार नाही. तिथल्या आजोबांनी माझा प्रश्न पुरता ऐकूनसुद्धा घेतला नाही.

"विमानतळ येता हां आता. हॉटेलाचां शिक्षण लिवा."

"कोणाच्या नावावर लिहू?"

"सगळ्यांच्या."

"आणि सुनेचं?"

"तिचांय तांच." मग दाराकडे मान वळवून, "गो, तुझांय तांच मगो?"

आतून तळणीच्या आवाजातून उत्तर आलं, "व्हय मामा."

पाच फॉर्म झाले. मी निघाले तेव्हा ती सून काकड्यांची पिशवी घेऊन फाटकापर्यंत आली. तिशीची असेल. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "मावशी, त्या फॉर्मात..." आणि थांबली. मी हेल्मेट चढवत होते. "तुझा भरला गो बाये, काळजी करू नको," म्हटलं आणि निघाले. केवढी दयाळू वाटले होते मी मला.

पुढच्या बैठकीला मी दोनशे फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, इतरांच्या गठ्ठ्यांकडे जरा कीव करत. मुंबईच्या मुलीने तो चाळला, मग पत्ते लावावेत तसे घरवार ढीग लावले.

"काकू, कधी गेला होता?"

"चवथीत. सगळे एकत्र सापडतात."

"एकत्र," ती म्हणाली. "ही दोनशे माणसं नाहीत, काकू. हे चाळीस आजोबा आहेत."

"आमच्याकडे घराचं मत एकच असतं," मी म्हटलं.

"मग तुमचं आणि तुमच्या यजमानांचंही एकच असेल."

आमच्या यजमानांनी जन्मात मला कशावर मत विचारलं असेल तर ते चष्मा कुठे राहिला यावर. मी गठ्ठा परत ओढला आणि पुन्हा विचारून येते म्हटलं. तिने विषयांची यादी विद्यापीठाला पाठवायला आठ दिवस थांबायचं कबूल केलं.

या खेपेला मी घरं सोडली आणि बस थांबते ते तिठे धरले. पहिल्याच सकाळी लाटंबार्शाच्या तिठ्यावर, औषधांच्या कारखान्याची बस जिथे थांबते तिथे, तीच सून एकटी उभी होती. मला बघून तिने पदर सारखा केला.

"हॉटेलाचं शिकायचंय ना तुला?" मी मुद्दाम विचारलं.

ती रस्त्याकडे बघत हसली. मग मी मुंबईच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "गेल्या वर्षात शिकण्यासाठी काय केलंस?"

तिने पिशवीतून मोबाइल काढून त्यावरचा एक फॉर्म माझ्यापुढे धरला. कारखान्यात पॅकिंगला ती सहा वर्षं होती. गोदामाच्या सुपरवायझरची जागा दोनदा निघाली, दोन्ही खेपांना बाहेरून आलेल्या पदवीवाल्यांना मिळाली. साहेबांनी तिला सांगितलं होतं, मालाची साठवण आणि वाहतूक या विषयात नाव तरी घाल, तिसऱ्या खेपेला तुझा विचार करू. दूरच्या एका विद्यापीठाचा तो फॉर्म तिने तीनदा शेवटच्या पानापर्यंत भरून सोडून दिला होता.

"सोडलास कित्याक?"

"परीक्षेचां केंद्र पुण्याक. चार दीस माका घरातसून कोण पाठयतलो?"

तेव्हा फाटकापाशी ती काय सांगणार होती, ते मला त्या तिठ्यावर कळलं. ते वाक्य हेल्मेटखाली घालून मी घरी नेलं होतं.

आठ दिवस मी बसथांब्यांवर उभी राहिले. एकट्या सापडलेल्या बायकांत हॉटेलाचं नाव दोघींनीच घेतलं. कारखान्यांतही जाऊन विचारलं, तिथेही गोदामं सांभाळणारी माणसं हवी होती. मी नवे फॉर्म दिले, जुन्यांवर माझ्याच हाताने काट मारली आणि वर लिहिलं, परीक्षा डिचोलीत घेतली तरच या मुली येतील. शेवटच्या यादीत गोदाम आणि मालवाहतूक आलं. केंद्र डिचोली.

माहितीपत्रक छापून आलं त्या दिवशी मी ते घेऊन लाटंबार्शाच्या तिठ्यावर गेले. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं, केंद्राची ओळ पुन्हा वाचली, आणि कागद घडी घालून ब्लाउजात ठेवला. मी म्हटलं, "चुकलं गो माझं. चवथीला तुला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं."

ती म्हणाली, "नाय मावशी. तुमी बाजूक घेवन विचारलां असतात, तरी त्या घरात उभी रवान मी मामांचांच सांगलां असतां. हय बस येयपर्यंत सात मिनटां मेळतत. तेवडीच काय ती माझी."