अर्ध्या भावाचं शेत

माझा थोरला भाऊ दुकानातून खिळे मोजून आणायचा आणि घरी आल्यावर पुन्हा मोजायचा. वाटेत खिळे पळून जातील म्हणून नव्हे, तर दुकानात आपणच चुकीचे मोजले असतील म्हणून. दादा जगावर संशय घ्यायचा, हे सगळे सांगतात. तो स्वतःवरही घ्यायचा, हे मी सांगते. गावात त्याला ‘उलटतपासणी’ म्हणत. कुणी तोंडावर म्हटलंच तर तो विचारी, “हे नाव ठेवलं कुणी? आणि कधी?”

मी तीस वर्षं रंगभूमीवर काढली. राण्या केल्या, खाष्ट सासवा केल्या, म्हातारपणी दोन भुतंही केली. दादानं माझं एकही नाटक पाहिलं नाही. “जी बाई पैसे घेऊन रडते, तिच्या फुकटच्या रडण्यावर मी विश्वास कसा ठेवू?” असं त्याचं म्हणणं. नवरा गेल्यावर मी त्याच्याच घरी राहायला आले. मी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं की तो येऊन एकदा दाबून बघे. मला राग येत नसे. स्वतः लावलेलं झाकणही तो दोनदा दाबायचा.

दादानं लग्न केलं नाही. मुलगी बघायला गेला आणि तिच्या वडिलांना इतके प्रश्न विचारले, की त्यांनीच हात जोडले. त्याचा सगळा जीव ओढ्याकाठच्या शेतात. गुडघे गेल्यावर ते त्यानं एका बाईला वाट्यानं करायला दिलं. ती तिथे कोबी लावायची, म्हणून आमच्या घरात तिचं नाव कोबीवाली. दर हंगामात ती अंगणात वजन करून दादाचा वाटा ठेवून जाई. ती वळणावर दिसेनाशी झाली की दादा मागच्या खोलीत आमच्या आजोबांच्या काट्यावर सगळं परत तोलायचा.

“नऊ वर्षं झाली,” तो एकदा मला म्हणाला, “एका कोबीचा फरक नाही.”

“अरे, मग प्रामाणिक असेल ती.”

“असेल! ‘असेल’वर मी झोपू कसा?”

त्या वर्षी रेडिओवर सांगितलं, की जमीन विकून झालेल्या नफ्यावरचा कर नव्या वर्षापासून वाढणार. न्हाव्याच्या दुकानात दुसरा विषयच उरला नाही. एक म्हणे, सरकारला रस्त्यासाठी जमिनी हव्यात, म्हणून ही भीती. दुसरा म्हणे, छे, हे दलालांनीच पेरलंय. दादा अर्ध्या दाढीवर साबण ठेवून म्हणाला, “कर लावणारे वेगळे आणि घाबरवणारे वेगळे, असं वाटतं तुम्हाला? एकाच माळेचे मणी.”

दोन दिवसांनी वाटाणे सोलता सोलता त्यानं मला सांगितलं, “ओढ्याकाठचं शेत कोबीवालीला विकायचं म्हणतोय. अर्ध्या भावात. कर वाढायच्या आत.”

माझ्या हातातली शेंग गळाली. “अर्ध्या?”

“आपल्या दोघांनंतर पुतण्यांकडे जाईल. ते दुसऱ्या दिवशी दलालाला देतील आणि तिला हाकलतील. पण अर्ध्यात द्यायचं तर आधी पूर्ण किती ते कळायला नको?”

दलालानं त्याला एक भाव सांगितला होता. दादाचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. “विकणाऱ्याला तो पाडून सांगतो, घेणाऱ्याला चढवून. मला घेणाऱ्याचा आकडा हवाय. तू जा.”

“मी?”

“तीस वर्षं खोटं बोलायचे पैसे घेतलेस ना, नाटकवाले? आता एकदा घरच्यांसाठी फुकट बोल. फक्त भाव विचारायचा आणि परत यायचं.”

फक्त! तुम्ही कधी म्हाताऱ्या नटीला ‘फक्त’ म्हणून पाहिलंय का? मी पेटी उघडली. जांभळी शाल, खोटे मोती, चांदीच्या मुठीची काठी. एका जुन्या नाटकात मी गर्विष्ठ जमीनदारीण केली होती; तिला अंगात घेतलं आणि दलालाच्या कचेरीत शिरले.

एक टेबल, मागे नकाशा, बाकावर चार माणसं. चार! कित्येक वर्षांत मला एवढे प्रेक्षक मिळाले नव्हते. दलालानं भाव सांगितला, दादाला सांगितलेल्याच्या दीडपट. इथे मला परतायचं होतं. पण बाकावरचा एकजण कौतुकानं बघत होता. मी काठी जमिनीवर आपटली.

“एवढाच? मी दुप्पट देईन. पण ओढ्याकाठची सगळी पट्टी हवी.”

“बाईसाहेब,” दलाल उठून उभा राहिला, “तेवढं वहीत लिहून द्याल?”

लिहून दिलं. खाली त्या जमीनदारणीच्या नावानं झोकदार सही ठोकली. टाळ्या तेवढ्या पडल्या नाहीत. दादाला मी दीडपटीचा आकडा सांगितला. बाकीचं पोटात ठेवलं.

पुढच्या महिन्यात जमिनींच्या सरकारी दरांची नवी यादी नोंदणी कचेरीच्या भिंतीवर लागली. दादा ती दोनदा वाचून आला आणि बूट न काढता खुर्चीत बसला.

“सगळीकडे जुनाच दर. एकट्या ओढ्याकाठचा दुप्पट. कोणीतरी आतलं माणूस आहे यात.”

“पण तू तर अर्ध्यात देणार ना?”

“मी फुकट देईन गं! कर कागदावरच्या किमतीवर नाही लागत. ती आणि सरकारी दर, यात जे जास्त त्याच्यावर लागतो. तिच्याकडून जे मिळेल ते सगळं करात जाईल, वर पदरचं भरावं लागेल. संपलं. आता जाऊ दे दलालाच्या घशात.”

त्या आतल्या माणसाला मी रोज आरशात बघत होते. सगळं सांगून टाकलं. दादानं खुर्ची माझ्यासमोर ओढली.

“वहीत लिहिलंस?”

“हो.”

“सही केलीस?”

“झोकात.”

“बाकावर कोण होतं, बघितलंस?”

एक कौतुकाची नजर सोडली तर नव्हतं बघितलं. प्रेक्षकांचे चेहरे आम्ही बघत नसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दर ठरवणाऱ्या कचेरीत गेलो. साहेबांच्या दारातच मला तो कौतुकानं बघणारा माणूस दिसला. तो तिथलाच कारकून निघाला. चालू भाव गोळा करत दलालांकडे फिरत होता आणि दलालानं त्याला माझंच पान दाखवलं होतं.

“साहेब, ती खरेदीदार मी. मी खोटी आहे,” मी म्हणाले.

साहेबांनी चष्मा वर केला. “दर वाढला की इथे सगळेच येऊन भाव खोटा आहे म्हणतात. खरेदीदार खोटा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

मी कागद मागितला आणि तीच सही केली. कारकुनानं वहीच्या नकलेशेजारी ठेवली. वेलांटीसकट जुळली. मग उभी राहून त्याच आवाजात म्हटलं, “एवढाच? मी दुप्पट देईन!” शेजारच्या खोलीतले लोक दारात जमले. साहेब मात्र हसले नाहीत.

“तुम्ही नटी आहात, एवढं कळलं. शेत घ्यायचं नव्हतं हे कशावरून?”

मी कलावंतांच्या पेन्शनचं पुस्तक त्यांच्या पुढ्यात उघडून ठेवलं. त्यांनी आकडा वाचला, आणि तेव्हा मात्र ते हसले. “तुमची हरकत मालकाच्या सहीनं लेखी द्या. तपास करू.”

बाहेरच्या बाकावर बसून मी अर्ज लिहिला. चांगली चार पानं झाली. नटीला एका पानात आटोपता येत नाही. दादा विजेचं बिलसुद्धा भिंगातून तीनदा वाचायचा. मी कागद पुढे केले आणि भिंग द्यायला पिशवीत हात घातला. बघते तर त्यानं खाली सही केलेली.

“अरे, वाच तरी!”

“खिडकी बंद होईल,” तो म्हणाला. कचेरी बंद व्हायला दोन तास होते. मी अर्ज देऊन आले, तर लगेच, “पोच घेतलीस का?” घेतली होती. त्यानं पोच मात्र उलटसुलट करून तपासली.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. त्या दरानं एकही व्यवहार झालेला नाही, सबब जुना दर कायम. दादानं पत्र उजेडासमोर धरलं. “इतक्या लवकर मान्य केलं? यात काहीतरी आहे.” पण वर्ष संपायला अकराच दिवस होते. त्यानं कोबीवालीला बोलावलं आणि भाव सांगितला.

तिनं पदराला हात पुसले. खूश होईल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, “काका, एवढं स्वस्त का?”

“म्हणजे?”

“विहिरीचं काही भांडण आहे का? की पुतण्यांनी दावा लावलाय?”

“अगं, नऊ वर्षं करतेस ना तू ते शेत!”

“करायचं वेगळं, घ्यायचं वेगळं. कागद आठ दिवस माझ्याकडे ठेवते. दाखवून आणते एकाला.”

ती गेल्यावर दादा येरझारा घालत राहिला. “माझ्यावर संशय! माझ्यावर?” मी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाले.

आठ दिवसांत तिनं हद्दीचे दगड पावलांनी मोजले, दोन वकिलांना कागद दाखवले, आणि दादाच्या सख्ख्या पुतण्याला बाजारात गाठून विचारून आली. नवव्या दिवशी नोंदणी झाली. तिथेही तिनं खरेदीखत पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, एकेक शब्दावर बोट ठेवत. लेखनिक वैतागला. “बाई, मागे रांग आहे.”

“असू दे रांग,” दादा त्याच्यावर खेकसला. “तिला वाचू दे.”

आणि खिशातलं भिंग काढून त्यानं तिच्यापुढे सरकवलं.