झेंडा हलला की वर

जगनभाऊंचं विमान पुरुषभर उंचीवरून कपाशीवर औषध फवारत यायचं. शेताच्या टोकाला उभ्या माणसाने लाल झेंडा हलवला की त्याच क्षणी ते नाक वर करून चढायचं. धोका कसला, हे जगनभाऊ आधी कधीच बघत नसत.

साठ सालानंतरची ती वर्षं. मी शहाद्याला शेतकी सहायक होतो आणि झेंडा माझ्याकडे असायचा. पहिल्याच दिवशी कळसाडीच्या शिवारात मधमाश्या अंगावर आल्या, त्या मी झेंड्यानेच हाकलल्या. विमान चढलं, औषध वाया गेलं. उतरल्यावर मी चाचरत कारण सांगितलं. जगनभाऊ रागावले नाहीत. "झेंडा हालना का मी वर जासू. काय व्हतं, ते मंग इचारसू," एवढंच म्हणाले. माणूस ब्राह्मणपुरीचा, शेतकऱ्याच्या घरातला. विमान शिकून आला तरी बोली अहिराणीच राहिली. जेवताना झेंडेवाल्याला ते आपल्या शेजारी बसवून घेत.

फवारणी कंपनीचे मॅनेजर मात्र चिडले. त्यांनी सगळ्या वैमानिकांना हुकूम काढला: झेंडा दिसला तरी आधी स्वतः खात्री करा, मगच वर जा. जगनभाऊंनी तोंडावर नकार दिला.

"देखत बसनू साहेब, तं वर जावाले येळच भेटाव नई."

पुन्हा औषध वाया गेलं तर काम बंद, असं मॅनेजरांनी बजावलं.

काही दिवसांनी एका शेतात सकाळचं ऊन विमानाच्या अगदी समोर होतं. बांधावर आदल्या संध्याकाळीच विजेची तार ओढली होती. ती माझ्या ध्यानात आली तेव्हा विमान शेतात शिरलं होतं. मी झेंडा हलवला. चाकं तारेवरून निसटती गेली. तार जगनभाऊंना दिसलीच नव्हती.

विमान उतरल्यावर मॅनेजर जीपमधून आले आणि जगनभाऊंची पाठ थोपटू लागले. आजचं चढणं बरोबर होतं म्हणाले. जगनभाऊंनी तो हात बाजूला केला.

"त्या रोज माश्या व्हत्या, आज तार. मले वरतून दोन्ही सारखंच. हुकूम मांगे ल्या, सगळासनाकरता."

जमलेल्या गावकऱ्यांसमोर मॅनेजर नमेनात. तेव्हा जगनभाऊंनी टोपी आणि चष्मा विमानाच्या पंखावर ठेवला आणि एसटी धरायला चालू लागले.

दुसऱ्या दिवशी बाकीचे दोघे वैमानिकही विमानात बसले नाहीत. कापसावर कीड होती, शेतकरी ओरडू लागले. दुपारपर्यंत हुकूम मागे घेतला गेला आणि मॅनेजर स्वतः ब्राह्मणपुरीला गेले. जगनभाऊ केळीला पाणी देत होते. हातपाय धुऊन जीपमध्ये बसले.

पुढे पुष्कळ वर्षं ते उडत राहिले. गेले ते म्हातारपणी, घरच्या खाटेवर, झोपेत. फवारणीच्या वैमानिकांपैकी असं मरण आलेला दुसरा कुणी मला माहीत नाही.