आत्याबाईंच्या शेवयांचा दिवस

लग्न होऊन मी मंठ्याजवळच्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. चैत्र लागला की आमच्या आळीत शेवयांची सावड चाले. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. आपण जिच्याकडे राबायचं, तिनं आपल्याकडे येऊन राबायचं. बाजेवर तिरपा पाट टेकवायचा. एकीनं वर बसून कणकेची तार ओढायची, दुसरीनं खाली काठीवर झेलून दुसऱ्या बाजेवर वाळत टाकायची.

सावडीत सगळ्यांत म्हातारी बाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. आमच्या भिंतीला लागून एका खोलीत वेगळी चूल मांडून राहायची. तिची तार केसासारखी निघते, असं सगळ्या सांगत. मी काही ती पाहिली नाही. मी आले तोवर तिच्या हाताला कंप सुटला होता.

एका वर्षी तिच्या तारा सारख्या तुटायला लागल्या. बाकीच्या तुटके तुकडे गोळा करत राहिल्या. मला गप्प बसता येत नसे.

"आत्याबाई, तुमी उठा आता. कणीक वाया चालली."

तिनं हातांकडे पाहिलं आणि उठून घरी गेली. आज मी तिच्या वयाला आले आहे. सुना मला बसा म्हणतात. ते म्हणणं किती सोपं असतं, मला ठाऊक आहे.

तेव्हा मला वाटलं, आत्याबाई रुसली. पण ती खांद्यावर मुसळ टाकून परत आली.

"कुटायला तार लागत न्हाई ना?"

कणीक उखळात घालून कुटणं हे सगळ्यांत जड काम. तरण्या पोरी टाळायच्या. ही म्हातारी त्या दिवसापासून पाच घरी कुटत होती. हात कापायचे, पण मुसळ बराबर पडायचं. एक नवी सून दमून बसली तर तिला म्हणाली, "तुज्या मायनं दूध पाजलं का नुसतं ताक?" ती पोरगी हसत उठली आणि कामाला लागली.

मग आत्याबाईंचा दिवस आला. आम्ही बायांनी आधीच ठरवलं होतं की एकट्या बाईला शेवया लागतात किती, त्यासाठी सगळ्यांचा दिवस कशाला मोडायचा? प्रत्येकीनं आपल्यातल्या ओंजळभर काढल्या. ताट भरून मीच सकाळी घेऊन गेले.

तिनं अंगण सारवलं होतं. दोन बाजा बाहेर काढल्या होत्या, पाट मांडला होता. आम्हाला खायला हरभरे भिजवले होते. ताटाकडे पाहून म्हणाली, "हे काय?"

"शेवया. तुमाला कायला तरास?"

"मी भीक मागाया आल्ते का तुज्याकडं?"

"तसं न्हाई, आत्याबाई."

"मंग कसं? पाच घरी कुटलं ते शेवयांसाठी व्हय? मला त्या धड गिळतबी न्हाईत. माज्या दारात बाया आल्या पाहिजेत. आज ताट आणलं, पुढच्या साली मला बोलावणारबी न्हाईत तुमी."

तिचं खरं होतं. ताट घरी ठेवलं आणि दारोदार फिरले.

"दोन शेर कणकेसाठी सगळ्यांनी यायचं?" एक जाऊ कुरकुरली.

"चल गुमान. न्हाईतर ती मुसळ घेऊन तुज्या दारात येईल."

सगळ्या आल्या, पण उशिरा. ऊन चढलं होतं, कणीक सुकत होती, तारा जाड निघाल्या. आत्याबाई कुटत राहिली आणि प्रत्येकीला नावं ठेवत राहिली, मला सगळ्यांत जास्त. संध्याकाळी एक बाजही धड भरली नव्हती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "उद्या कोणाकडं?"

"जाऊबाईकडं."

"मंग तिला म्हणावं कणीक आजच भिजवून ठेव. मी दिस उगवायलाच येते."