खालचा डोळा, वरचा डोळा

पेठजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या लंकाबाईंची कंबर कांदा लावून लावून वाकली ती कायमचीच. चपला बघून त्या माणूस ओळखतात. जीभ मात्र अजून ताठ आहे. अंगणामागचं परस म्हणजे त्यांचा जीव. वाल, कारली, मिरच्या, सगळं त्यांच्या हातचं.

गेल्या महिन्यात वाघ, म्हणजे आपला बिबट्या, भरदिवसा परसातून अंगणात आला आणि कुत्रं उचलून घेऊन गेला. नात आरोही तिथंच खेळत होती. मुलानं, सुभाषनं, लगेच परसाच्या वाटेवर सेन्सर बसवला. खांबाला दोन डोळे, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक छातीच्या. दोन्ही अडले तर माणूस, मशीन गप्प. नुसता खालचा अडला तर जनावर, की वाजला भोंगा.

पहिल्याच सकाळी लंकाबाई शेंगा तोडायला निघाल्या आणि भोंगा कोकलला. वस्ती काठ्या घेऊन धावली. बघतात तर लंकाबाई!

"मला जनावर म्हंतंय मेलं!" त्या हसल्या. सगळेच हसले. चौथ्या वेळी मात्र कुणी धावलं नाही.

"काठी वर धरून जा," सुभाष म्हणाला.

"मग टेकू कशावर?"

"तू जाताना बंद करू."

"आन् चालू करायचं इसरलं तर? पोरगी खेळती हितं. मीच न्हाई जायची."

आणि त्या खरंच गेल्या नाहीत. सून स्नेहल शेंगा आणून देई, त्या निबर निघत, तरी लंकाबाई चकार शब्द काढीनात. गप्प बसलेल्या लंकाबाई घरात कुणालाच सोसवेनात.

पाचव्या दिवशी त्यांचे मालक सोमाजी उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

रीतीप्रमाणे ते दहा पावलं पुढं. ते गेले तेव्हा मशीन गप्प. मागून लंकाबाई आल्या आणि भोंगा बोंबलला. सोमाजी थांबले, मागं आले आणि बायकोचा दंड धरून तिच्या बरोबरीनं उभे राहिले. दोघांनी एकदमच पाऊल टाकलं. मशीनला दोघं मिळून एक माणूस दिसला.

आता रोज सकाळी तसंच जातात. बावन्न वर्षं लंकाबाईंनी नवऱ्याची पाठच पाहिली होती. चालताना ते हळूच गुणगुणतात, हे त्यांना परवा कळलं.

"अवं, हे कवापासनं?"

"पयल्यापासनंच," सोमाजी म्हणाले.